काळ्या मातीतील गल्ली: दर वर्षी तोच सांधा निखळतो, तिथेच खड्डा पडतो आणि तिथेच गाडी घसरते

गुरुजी_चोपडा यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. चार वर्षांपूर्वी गावाबाहेर, जिथे आधी कापूस आणि केळी होत असे अशा वावरात पडलेल्या बिनशेती प्लॉटांपैकी एक घेऊन मी घर बांधले. डांबरी रस्त्यापासून आमच्या शेवटच्या घरापर्यंत सुमारे 140 मीटर लांबीची गल्ली आहे आणि तिच्यावर नऊ घरे आहेत. प्लॉट विकणाऱ्याने गल्लीवर मुरूम टाकून वर कच पसरून दिली होती. तिच्या एका कडेने, जमिनीखाली जेमतेम दीड फुटावर, 63 मिलिमीटर व्यासाची पीव्हीसीची पाईपलाईन गेलेली आहे. पाणी तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊण तास येते.

अडचण अशी आहे की गल्लीच्या साधारण मध्यावर, एका जुन्या निंबापासून पाच-सहा पावलांवर, जिथे पाईप एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातो, तिथला सांधा दर वर्षी निखळतो. पहिल्यांदा तो जुलैत निखळला, दुसऱ्या वर्षी जूनच्या अखेरीस आणि यंदा तर मे महिन्यात, पावसाचा थेंबही पडलेला नसताना. प्रत्येक वेळी प्लंबर येतो, तुकडा कापतो, नवे सॉकेट सोल्युशन (पीव्हीसी चिकटवण्याचे द्रावण) लावून बसवतो आणि पाईप खराब आहे असे सांगून जातो. गळतीमुळे तिथला मुरूम खाली बसून खड्डा झाला आहे. गेल्या आठवड्यात त्याच खड्ड्याशी माझी शंभर सीसीची मोटारसायकल घसरली. पुढच्या चाकात आणि मडगार्डमध्ये गारा, म्हणजे चिकट चिखल, इतका घट्ट भरला होता की चाक फिरेनासे झाले. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, परंतु मागे बसलेल्या माझ्या मुलीचा पाय मुरगळला.

शेजाऱ्यांचे मत आहे की वर्गणी काढून सरळ काँक्रीट टाकावे, म्हणजे रोजची कटकट मिटेल. दोष पाईपचा आहे की जमिनीचा, काँक्रीटने तो खरोखर मिटेल का, आणि तोपर्यंत या गल्लीतून गाडी कशी चालवावी, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

नळकाम_यावल

सर, नमस्कार. मी वीस वर्षे नळकाम करतो. तीनदा नवे सॉकेट बसवूनही त्याच जागी फुटत असेल तर पाईपला दोष देण्यात अर्थ नाही. पाईप खराब असता तर दर वेळी वेगळ्या ठिकाणी फुटला असता. सोल्युशनने जोडलेला सांधा दगडासारखा ताठ होतो. दोन्ही बाजूंची जमीन वेगवेगळी हलली की ताण सगळा त्या ताठ जागेवर येतो. दीड फूट खोली काळ्या मातीत काहीच नाही, कारण आपल्याकडे मे महिन्यात भेगा त्याहून खोल जातात; माझ्या पाहण्यात हातभर काठी सहज आत गेलेली आहे.

मी आपल्या जागी असतो तर गल्ली ओलांडणारा तुकडा किमान तीन फूट खोल घेतला असता, तो चार इंची पाईपच्या पोटातून नेला असता आणि दोन्ही टोकांना सोल्युशनऐवजी रबर रिंगचे सांधे दिले असते. रबर रिंगमध्ये पाईप थोडा आत-बाहेर सरकू शकतो आणि किंचित कलू शकतो. पाईपच्या खाली आणि बाजूंनी चाळलेली वाळू भरावी. खोदलेली काळी ढेकळे तशीच पाईपवर लोटू नयेत, कारण एखादे टोकदार ढेकूळ वाळून घट्ट झाले की पाईपला एकाच बिंदूवर दाबून धरते.

काँक्रीटविषयी मोठ्या कामांचा अनुभव असलेले कोणी बोलले तर बरे. मी एवढेच सांगतो की पाईपवर काँक्रीट टाकल्यानंतर मला बोलावू नका, कारण मग हातोडा आणि छिन्नी घेऊन यावे लागते.

शाखा_अभियंता_सेवानिवृत्त

गुरुजी, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याच एका वाक्यात आहे: हे प्लॉट पूर्वी वावर होते. आपल्या पूर्वजांनी गाव वसवताना काळी आणि पांढरी असा भेद पाळला होता. शेती काळीत करायची आणि घरे पांढरीवर बांधायची, हा तो नियम. जुन्या गावठाणातील धाब्याची घरे शंभर वर्षे उभी राहिली यामागे गवंड्याच्या कौशल्याइतकाच त्या जागेचाही वाटा होता. गावठाणात जागा उरली नाही म्हणून आपण सारे काळीत येऊन राहिलो, आणि आता काळी आपला स्वभाव दाखवते आहे.

ही माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे आणि तापीच्या खोऱ्यात नदीने आणून रचलेल्या गाळाच्या रूपात ती बरीच खोलपर्यंत सापडते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते, ज्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो, तर वर्षाचा सुमारे 700 मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यामुळे आपल्या गल्लीखालची जमीन दर वर्षी एकदा टोकाची कोरडी आणि एकदा टोकाची ओली होते. आपला सांधा जुलैतही निखळला आणि मेमध्येही निखळला, ही बाब मला फार बोलकी वाटली. एकदा जमिनीने त्याला वर उचलून तोडले आणि एकदा आकसून ओढून तोडले. त्यात जवळ निंब आहे. मोठे झाड उन्हाळ्यात आपल्या मुळांच्या परिघातील ओल ओढून घेते, म्हणून तिथली माती इतर गल्लीपेक्षा अधिक आकसते. झाड तोडू नका, पाईप त्याच्यापासून दूर न्या.

माती किती फुगते हे आपण शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहू शकता. पूर्ण वाळवलेली आणि 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली 10 ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात घेऊन तीत पाणी भरायचे, तेवढीच माती दुसऱ्या मोजपात्रात घेऊन तीत रॉकेल भरायचे, ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि 24 तासांनी दोन्हींतील मातीचे आकारमान वाचायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील वाढ रॉकेलमधील आकारमानाच्या पन्नास टक्क्यांहून अधिक आली तर ती माती रस्त्याखाली तशीच ठेवू नये, असे आम्ही मानत असू. रॉकेल आता सहज मिळत नाही ही गोष्ट वेगळी. मुलांना मात्र हा प्रयोग फार आवडेल.

आता रस्त्याकडे वळतो. भिजलेल्या काळ्या मातीची भार पेलण्याची क्षमता, जिला आम्ही सीबीआर म्हणतो, ती बहुधा दोन ते चार टक्के एवढीच भरते. अशा मातीवर थेट मुरूम टाकला की पहिल्याच पावसात ट्रॅक्टरच्या चाकाखाली मुरूम खाली जातो आणि चिखल वर येतो. लोक म्हणतात की जमिनीने मुरूम गिळला, आणि ते अक्षरशः खरे आहे. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत अशा जमिनीवर न फुगणाऱ्या मातीचा 0.6 ते 1 मीटर जाडीचा थर द्यावा असे सांगितले आहे. नऊ घरांच्या गल्लीला तो खर्च परवडणार नाही हे मला कळते. निदान सुमारे 225 मिलिमीटर जाडीचा जाड वाळूचा किंवा चिकटपणा नसलेल्या मुरुमाचा थर, रस्त्याच्या पूर्ण रुंदीत, अगदी गटारीच्या काठापर्यंत द्यावा, म्हणजे खालचा चिखल वर येणार नाही आणि आत शिरलेले पाणी बाजूने बाहेर पडेल.

पूर्ण रुंदीत हे शब्द मी मुद्दाम लिहिले. सर्वत्र होणारी चूक अशी की जमिनीत तीन मीटर रुंदीची पेटी खोदतात आणि तीत मुरूम भरतात. दोन्ही बाजूंना काळी माती आणि मध्ये मुरूम अशी ती पाण्याची टाकीच तयार होते. पावसाचे पाणी आत शिरते, बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते तळाची माती महिनाभर भिजवत बसते. सेवेत असताना असे रस्ते मी स्वतः उखडून पाहिलेले आहेत. वरून ठणठणीत कोरडे दिसत आणि हातभर खाली पहारीच्या टोकाला चिखल लागत असे.

काँक्रीटचा प्रश्न याच कारणाने अवघड आहे. काँक्रीटखाली मधल्या भागातील ओल वर्षभर जवळपास सारखी राहते, मात्र कडांना ऊन लागते, तिथली माती वाळते, आकसते आणि पुन्हा फुगते. परिणामी कडेपासून फूट-दोन फुटांवर लांबच लांब भेगा पडतात; डांबरी रस्त्याच्या साईडपट्टीलगत आपण ज्या समांतर भेगा पाहतो त्या बहुतेक याच असतात. खाली गळका पाईप तसाच ठेवून वर काँक्रीट टाकणे म्हणजे रोग आत ठेवून जखम शिवणे. माझा क्रम असा राहील: प्रथम पाण्याला वाट, मग पाईप, मग मुरूम आणि दबाई, आणि किमान एक पावसाळा गेल्यावर, तेव्हाही गरज वाटली तर, काँक्रीट.

यावलच्या भाऊंनी सांगितलेली वाळू योग्य आहे, परंतु एक सावधगिरी आवश्यक आहे. पूर्ण चर वाळूने भरला तर तो जमिनीखालचा नालाच होतो आणि गल्लीभरचे पाणी वाहत येऊन सखल जागी साचते. म्हणून वाळू पाईपच्या भोवती आणि वर वीतभर एवढीच ठेवून तिच्यावर मुरूम थराथराने ठोकावा आणि दर दहा-बारा मीटरवर चरात चिकणमातीचा आडवा अडसर घट्ट दाबून द्यावा.

निधीविषयी थोडे सांगतो. गल्ली ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालेली असेल तर वित्त आयोगाच्या निधीतील बंधित भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच असतो, तेव्हा पाईप आणि गटारीचा विषय ग्रामसभेत त्या सदराखाली मांडावा. हस्तांतरण झालेच नसेल तर आधी तो कागद पाहा. नव्या प्लॉटांच्या निम्म्या अडचणी तिथेच अडकलेल्या असतात.

केळीवाला_रावेर

अभियंता आप्पांनी फार विस्ताराने सांगितले, पण आमच्या बागेच्या रस्त्यावर आम्ही नाल्यातले गोटे आणून टाकले आणि काम भागले. केळीचे भरलेले ट्रक जातात. गुरुजींनीही दोन ट्रॉल्या गोटे टाकून पाहावेत, एवढे साधे आहे.

शाखा_अभियंता_सेवानिवृत्त

भाऊ, आपला रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला असावा. तिथे जमिनीतच दगडगोट्यांचा भरणा आहे आणि पाणी पडताच खाली जिरते, म्हणून गोटे टिकले. गुरुजींची गल्ली तापीकडच्या काळीत असेल तर गोल गोटा एकमेकांत अडकत नाही आणि दोन पावसाळ्यांत फूटभर खाली जातो. गोटेच वापरायचे असतील तर ते फोडून, कोनदार करून वापरावेत. एकाच जिल्ह्यात वीस किलोमीटरवर जमीन बदलते, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

साक्री_रोड_धुळे

गुरुजी, रस्ता आणि पाईप यांवर सर्व बोलले, म्हणून मी पाण्याच्या एका बाजूकडे लक्ष वेधते, कारण आमच्या कॉलनीत आम्हाला ती फार उशिरा कळली.

आपल्याकडे पाणी तिसऱ्या दिवशी येते, म्हणजे उरलेला सर्व काळ पाईप रिकामा किंवा अर्धवट भरलेला असतो. नळ बंद झाल्यावर उतारावरच्या घरांकडे पाणी ओढले जाते तेव्हा पाईपमध्ये पोकळी तयार होते आणि गळक्या सांध्याभोवती साचलेले घाण पाणी आत शोषले जाते. त्यात कोणी नळाला थेट टिल्लू मोटार, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावत असेल तर ती पोकळी कितीतरी वाढते. आमच्या गल्लीत असाच एक सांधा सांडपाण्याच्या गटारीलगत होता. आम्ही त्याला केवळ पाण्याची नासाडी समजत राहिलो आणि एका श्रावणात शेजारच्या दोन घरांत कावीळ झाली. नंतर खोदले तेव्हा सांध्याभोवतीची माती काळी निळी पडलेली होती आणि तिला दुर्गंधी येत होती.

तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते बादलीत धरून झाडांना किंवा गाडी धुण्याला वापरा, पिण्याचे पाणी उकळा आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला शेवटच्या घराच्या नळावर ओटी चाचणी, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करायला सांगा. क्लोरीन शिल्लक असेल तर पाण्याला पिवळसर छटा येते. नळाच्या टोकाशी ते प्रतिलिटर किमान 0.2 मिलिग्रॅम असावे असा भारतीय मानक 10500 चा दंडक आहे. टाकीजवळ चाचणी करून वहीत नोंद करणे सोपे असते, पण दोष आपल्या गल्लीत असेल तर तो शेवटच्या घरीच दिसतो. तुरटीने पाणी नितळ दिसते, जंतू मात्र मरत नाहीत, हेही घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागते.

आणि टिल्लू मोटारींचा विषय नऊ घरांनी एकत्र बसून काढावा. एकाने लावली की दुसऱ्याला लावावीच लागते, हे आम्ही सर्वांनी केलेले आहे, त्यामुळे कोणी कोणाला दोष देऊ नये.

गॅरेज_अमळनेर

गुरुजी, आपल्या मुलीच्या पायाला आता आराम पडला असावा अशी आशा करतो. गाडीविषयी मी लिहितो.

पुढचे चाक अडकण्याचे कारण मडगार्ड आणि टायर यांमधील कमी अंतर हे आहे. शंभर सीसीच्या गाड्यांमध्ये ही फट बोटभरच असते आणि आपला गारा टायरला गुंडाळत जातो, वाळतो आणि पाचरीसारखा बसतो. जून ते सप्टेंबर एवढ्यापुरते मडगार्डच्या बोल्टखाली वॉशर किंवा पट्टी देऊन ते दीड-दोन सेंटीमीटर वर उचलून घ्यावे. काही जण मडगार्ड काढूनच टाकतात. ते मी करू देत नाही, कारण मग चिखल थेट तोंडावर आणि इंजिनावर उडतो. डिकीत लाकडाची एक चपटी पट्टी ठेवा आणि गल्ली संपल्यावर थांबून गारा खरवडून काढा. लोखंडी सळई वापरू नका, टायरची बाजू फाटते.

घसरण्याचा धोका मात्र गल्लीपेक्षा गल्ली संपून डांबरी सुरू होते तिथे अधिक असतो. वावरातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेली माती डांबरावर सोडत जातात. पहिल्या सरीने तिचा पातळ थर होतो आणि तो साबणापेक्षा निसरडा असतो. मुसळधार पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून रिमझिम अधिक धोक्याची. अशा जागी पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, गाडी सरळ असतानाच गियर कमी करून वेग उतरवावा आणि वळणावर ब्रेकला हात लावू नये. खड्ड्यात पाणी साचलेले असेल तर त्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक ओले होऊन काही काळ पकडत नाहीत. चालत्या गाडीवर पायाने हलका ब्रेक दाबून धरला की घर्षणाने ते वाळतात.

टायरमधील हवेचा आकडा चेन कव्हरवर किंवा स्विंग आर्मवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तोच पाळावा. चिखलात पकड यावी म्हणून हवा फार कमी करण्याची जी पद्धत आहे ती आपल्यासारख्यांना उपयोगाची नाही, कारण पुढे शाळेपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि कमी हवेचा टायर तिथे तापतो. उन्हाळ्यात उलटी चूक होते: भर दुपारी गरम टायरमध्ये दाब चार-पाच पौंडांनी वाढलेला दिसतो आणि लोक हवा सोडून देतात, मग सकाळी टायर कमी हवेचा असतो. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी.

चेन आठवड्यातून एकदा ब्रशने साफ करून तिला नव्वद नंबरचे गियर तेल द्यावे आणि तिचा सैलपणा दोन-तीन सेंटीमीटर ठेवावा. पंपाच्या जोरदार फवाऱ्याने चाकांच्या बेअरिंगवर थेट पाणी मारू नये. आणखी एक गोष्ट: पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते. टाकीच्या झाकणाभोवती साचलेले पाणी बाहेर जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते, ते गाऱ्याने बुजलेले असेल तर पावसाचे पाणी टाकीत उतरते आणि गाडी भलत्या वेळी बंद पडते. बारीक तारेने ते छिद्र मोकळे करून ठेवा. काम दोन मिनिटांचे आहे आणि या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा दोष तिथेच सापडतो.

गुरुजी_चोपडा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. मुलीचा पाय बरा आहे. मडगार्ड उचलून घेतले आहे आणि लाकडी पट्टी म्हणून शाळेतील जुनी मोजपट्टी डिकीत ठेवली आहे.

आप्पासाहेबांनी प्रथम पाण्याला वाट द्यायला सांगितले, म्हणून उतार पाहण्यासाठी रविवारी आम्ही तिघा शेजाऱ्यांनी गवंड्याच्या लेव्हल पाईपने गल्ली मोजली. निंबाजवळची जागा दोन्ही टोकांपेक्षा 11 सेंटीमीटर खोल निघाली, म्हणजे पावसाचे आणि गळतीचे सर्व पाणी तिथेच येऊन थांबते. गटार कोणत्याही बाजूला नाही. मुरूम पेटी खोदूनच भरलेला आहे. कडेला खोदून पाहिले तेव्हा काळ्या मातीची भिंत स्पष्ट दिसली. नऊपैकी चार घरांत टिल्लू मोटार आहे आणि त्यांत एक माझी आहे, हे कबूल करतो. ती मी काढली आहे. दोघांनी काढण्याचे मान्य केले आहे, चौथ्या घराशी बोलणे चालू आहे. काँक्रीटचा विचार या वर्षापुरता सर्वानुमते मागे ठेवला आहे. दिवाळीनंतर एका बाजूला चर खोदून पाणी पुढच्या नाल्यापर्यंत न्यायचे आणि मग पाईप बदलायचा, असे ठरले आहे.

आणखी एक माहिती मिळाली, ती यावलच्या भाऊंसाठी लिहितो. मूळ पाईपलाईन ज्यांनी टाकली त्यांच्याकडे काम केलेले एक मजूर गावातच आहेत. त्यांनी सांगितले की काम मे महिन्यात झाले, पाईप दोन दिवस उन्हात पडून होते आणि भर दुपारी सोल्युशन लावून सगळी लाईन एका दमात जोडून त्याच संध्याकाळी चर बुजवला. याचा काही संबंध असू शकतो का? आणि नवा पाईप कोणता घ्यावा?

नळकाम_यावल

सर, संबंध आहे आणि तो बराच मोठा आहे. पीव्हीसी पाईप एक अंश तापमानाला मीटरमागे सुमारे 0.07 मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. मेच्या उन्हात पडलेला पाईप हाताला चटका देतो, म्हणजे तो साठ अंशांच्या आसपास असणार, आणि जमिनीत गेल्यावर पाणी सुटले की तो तीस अंशांपर्यंत खाली येतो. तीस अंशांच्या फरकाने 140 मीटर लाईन जवळपास एक फूट आखडू पाहते. माती तिला धरून ठेवते, म्हणून प्रत्यक्षात ती एवढी सरकत नाही, पण तेवढा ताण पाईपमध्ये कायम राहतो आणि जिथे वळण किंवा एल्बो आहे तिथे बाहेर पडतो. आपल्याकडे ते वळण नेमके गल्ली ओलांडण्याच्या जागी, निंबाजवळ, सखल भागात आहे. त्या बिचाऱ्या सांध्यावर सगळ्यांनी मिळून भार टाकला होता.

यासोबत हेही लक्षात घ्या की पीव्हीसी पाईपवर छापलेला दाब 27 अंश तापमानासाठी असतो आणि पाणी तापले की पाईपची सहन करण्याची ताकद घटते. उघड्यावर, भिंतीवरून गच्चीवर चढणाऱ्या पाईपच्या बाबतीत हे विशेष लागू आहे, तेव्हा तिथे पांढरा रंग द्यावा.

नव्या लाईनसाठी मी एचडीपीई पाईप सुचवीन, जो काळा असतो आणि ज्यावर निळ्या पट्ट्या असतात. 63 मिलिमीटरचा पाईप लांब वेटोळ्यात मिळतो, त्यामुळे 140 मीटरमध्ये दोन-तीनच सांधे येतील आणि जमीन थोडी वर-खाली झाली तरी पाईप वाकून घेईल. घरांच्या जोडण्या सॅडल, म्हणजे पाईपवर आवळून बसवायचा जोड, बसवून घ्याव्यात. मात्र हा पाईप पीव्हीसीपेक्षा दुपटीने किंवा त्याहूनही अधिक लांबतो-आखडतो, हे दुकानदार सांगत नाहीत. म्हणून तो चरात ताणून सरळ टाकू नका, सापासारखा थोडा नागमोडी टाका. दिवाळीनंतरही दुपारचे ऊन असतेच, तेव्हा दुपारी पाईप चरात सोडून त्यावर जागोजागी थोडी वाळू टाकून ठेवा आणि दोन्ही टोके त्या दिवशी मोकळी राहू द्या. रात्रभर थंड होऊन तो आपल्या लांबीला आला की दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, टोके आणि सॅडल जोडा. सांध्यांच्या जागा पाण्याच्या दोन पाळ्या होईपर्यंत, म्हणजे आपल्याकडे आठवडाभर, उघड्याच ठेवा आणि पाणी सुटलेले असताना प्रत्येक सांध्याखाली कोरडा हात फिरवून पाहा. हात कोरडा निघाला तरच माती लोटा. चर खोदण्याच्या आदल्या दिवशी मला कळवले तर मी मोटारसायकलवर येऊन जाईन. यावलहून फार दूर नाही.

गुरुजी_चोपडा

भाऊ, अवश्य या. फक्त गल्लीच्या तोंडाशी आलात की गाडी तिथेच लावा आणि पायी आत या.